आठ बोल्टांचं झाकण

फिटरकाकांना जगात एकाच गोष्टीचा मनापासून तिटकारा होता, तो म्हणजे गळतीचा. छत्तीस वर्षं दूध डेअरीच्या बॉयलरखोलीत वाफेच्या नळ्यांशी झटापट केलेला माणूस! कुठे बारीकसा 'सूं' आवाज आला, की भरल्या ताटावरून उठणार. त्यामुळे निवृत्तीनंतर बायको जेव्हा म्हणाली, "अहो, घरातली सालंबिलं रोज फेकवत नाहीत, परसात खत करूया का?" तेव्हा काकांनी भलामोठा ड्रम आणला, त्याच्या काठाला रबराचं गॅस्केट बसवलं आणि झाकण आठ बोल्टांनी असं आवळलं, की आतल्या सालांना बाहेरच्या जगाची खबर लागू नये.

"बघ," पाना पुसत ते म्हणाले, "मुंगी आत जाणार नाही."

बायकोने कौतुक केलं, नाही असं नाही. पण ते ड्रमचं झालं. काकांना ते खताचं हवं होतं. तिने मूठभर खत हातात घ्यावं आणि काहीतरी चांगलं बोलावं, एवढ्यासाठी गडी दिवस मोजत बसला.

घोडं पेंड खात होतं ते शेजारी. भिंतीपलीकडे सिस्टर राहायची. इस्पितळातून निवृत्त झालेली, एकटी, आणि हसायला लागली की गल्लीभर ऐकू जाणारी. तिनेही त्याच महिन्यात खत करायला घातलं होतं. कशात म्हणाल? जुन्या विटांच्या चौकटीत! त्या विटाही एकमेकींपासून फटकून रचलेल्या, मधून हात जाईल एवढ्या फटी. वर एक फाटकं गोणपाट, की झालं. काकांना आधी तिची दयाच आली.

ती दया काही फार टिकली नाही. तीन महिन्यांनी सिस्टरने भिंतीवरून ओंजळभर खत काकूंच्या हातावर ठेवलं. काळंभोर, मोकळं, भुसभुशीत. काकूंनी ते नाकाशी नेलं. चक्क नाकाशी!

"अगंबाई, किती सुरेख झालंय हो!"

काका तिथेच उभे होते. तळपायाची आग मस्तकात गेली. तडक पाना आणून त्यांनी आपला ड्रम उघडला. आत जे निघालं त्याला खत म्हणणं म्हणजे खताचा अपमान. चिकट, हिरवट काळा लगदा, आणि वास असा, की काका स्वतःच दोन पावलं मागे सरले. "मुरतंय अजून," असं पुटपुटत त्यांनी बोल्ट पुन्हा लावले आणि नेहमीपेक्षा अर्धा फेरा जास्तच पिळले.

तेव्हापासून त्यांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबेना. सिस्टर हसली की दुखायचं, दोघी भिंतीशी उभ्या राहिल्या की जास्तच.

"अर्धा अर्धा तास बोलता तरी काय गं तुम्ही?"

"काही नाही हो, खताचं."

खताचं! घरच्या खताबद्दल हिने महिन्यात चार शब्द काढले नव्हते. काकांनी मग न्हाव्याच्या दुकानात हळूच पुडी सोडून दिली, की सिस्टर बाजारातून तयार गोणी आणते आणि आपलं म्हणून मिरवते. दोनचारदा सांगून झाल्यावर त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं. आता फक्त पुरावा हवा होता.

तो मिळवायची संधी आणखी तीन महिन्यांनी एका दुपारी आली. दोघी डोळे तपासून घ्यायला गेल्या होत्या. काकांनी स्टूल लावलं, गुडघ्यांना शिव्या घालत भिंत ओलांडली आणि गोणपाट उचललं. गोणीबिणी काही नव्हती. वरच बटाट्याची सालं होती, नखाएवढी बारीक चिरलेली. अंड्यांची टरफलं, तीही चुरडलेली. आणि चहाचा चोथा, त्यात लिंबाची सालं.

काकांनी चोथा चिमटीत धरून हुंगला. सिस्टर चहाला शिवत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आणि लिंबू पिळलेला कोरा चहा दिवसातून चार वेळा पिणारा माणूस आसपास एकच होता.

"अहो! तिकडे काय करताय?" दोघी परत आल्या होत्या.

"माझा चहा!" काका ओरडले. "माझा चहा तू हिला देतेस?"

सिस्टर शहाणी बाई, सरळ घरात गेली. काकू भिंतीपाशी आल्या.

"पाच महिने झाले देतेय. आज कळलं होय तुम्हाला?"

"पण का? आपला ड्रम काय मेला होता?"

"तो उघडता येतो का मला? पहिला महिनाभर सालांचं भांडं घेऊन उभी राहायचे त्याच्याशी. 'थांब, आलोच.' मग तुमचा पेपर व्हायचा, दाढी व्हायची, मग पाना सापडायचा नाही. एकदा मी स्वतः पाना लावला, तर 'बोल्टांचे आटे खराब करशील' म्हणून हातातून हिसकावून घेतलात. खताची हौस माझी होती हो. सिस्टरने पहिल्याच दिवशी विचारलं, 'बारीक चिरून टाकायचं का, तुम्हाला काय वाटतं?' असं मला कुणी विचारलंच नव्हतं."

काकांना भिंत परत ओलांडता येईना. त्यांना सिस्टरच्या घरातून, पुढच्या दाराने, मान खाली घालून यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते कामाला लागले. आठही बोल्ट काढले, गॅस्केट ओढून फेकलं. मग ड्रिल घेऊन स्वतःच्या हातांनी त्या धडधाकट ड्रमला चोवीस भोकं पाडली. आयुष्यभर गळती बुजवलेल्या माणसाला प्रत्येक भोक पाडताना कसंसं झालं. झाकणाला काकूंच्या हाताला येईल असा लाकडी दांडा बसवला. लगदा कोरडा व्हावा म्हणून वाळका पालाही घातला. दुपारी काकू भांडं घेऊन परसात आल्या, तेव्हा काका घामाने निथळत होते.

"हे बघ, आता एका बोटाने उघडतं. माझी गरजच नाही तुला."

काकूंनी एका बोटाने झाकण उचलून पाहिलं, आत डोकावल्या, बरं केलंत म्हणाल्या आणि ते नीट खाली ठेवलं. मग भांडं घेऊन भिंतीकडे निघाल्या.

"अगं, तिकडे कुठे? आता उघडतंय ना हे!"

"सवय झाली हो आता," त्या म्हणाल्या.

आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. राग असता, तर काका भांडले तरी असते.