उघडी राहिलेली कोठी

आमच्या वस्तीला पन्नास वर्षं झाली म्हणून विहारासमोर एक स्टीलची कोठी पुरायचं ठरलं. आपण धान्य ठेवतो तशीच कोठी. तिच्यात वस्तीच्या आठवणी ठेवायच्या आणि आणखी पन्नास वर्षांनी नातवंडा-पतवंडांनी ती उघडायची. कल्पना माझ्या चुलतभावाची. तो शाळेत हेडमास्तर आहे. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणते. माझं डोकं फिरलं ते यादीमुळं.

बैठकीत पुरुष पुढं खुर्च्यांवर आणि बायका मागं सतरंजीवर. त्यानं उभं राहून यादी वाचली, 'वस्ती वसवणारे'. ज्यांना पहिल्यांदा जागा मिळाल्या त्यांची नावं. एकूण एक पुरुष. आमच्या जागेपुढं माझ्या चुलत्याचं नाव, म्हणजे त्याच्या वडिलांचं. शेवटी एक ओळ होती : 'विहीर, वरील सर्वांच्या श्रमदानातून.' टाळ्या वाजल्या.

मी वाजवल्या नाहीत. पण उठून बोललेही नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, लहानपणापासूनच. घरी येऊन भाकरी करताना मी परात अशी आपटली की सून म्हणाली, "आत्या, परातीनं काय घोडं मारलं तुमचं?"

ओढ्याकाठची जुनी जागा सोडून आम्ही या माळावर आलो तेव्हा इथं पाण्याचा थेंब नव्हता. पुरुष सोलापूरच्या बाजूला रस्त्याच्या कामावर जायचे, आठ-पंधरा दिवसांनी यायचे. विहीर बायकांनी खणली. माझे वडील वारलेले. आई खाली उतरून पहार मारायची, शेजारची काकू मुरूम भरायची आणि माझी चुलती वरून दोरानं घमेली ओढायची. चुलतीचं तान्हं लेकरू माझ्या काखेत. ते रडलं की चुलतीचे हात थांबायचे आणि घमेलं आईच्या डोक्यावर लोंबकळत राहायचं. म्हणून मी लेकराला घेऊन लांब बाभळीखाली जाऊन बसायची, रडणं ऐकू येणार नाही इतकं लांब. त्या वर्षी माझी चौथी झाली होती. पाचवीच्या वर्गात मी गेलेच नाही. ते लेकरू म्हणजे हा हेडमास्तर.

आणि जागेचा पहिला कागद आईच्याच नावाचा होता. तिनं त्यावर अंगठा दिला तेव्हा मी शेजारी उभी होते. अंगठ्याची निळी शाई जाऊ नये म्हणून दोन दिवस ती डाव्या हाताला पाणी लागू देत नव्हती.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी आईची पहार हातात घेऊन चुलतभावाकडं गेले. झिजून झिजून ती हातभर राहिली होती. तो ओट्यावर पेपर वाचत होता.

"आक्का, हे भंगार कशाला आणलं?"

"कोठीत ठेवायला. आईची हाय."

"गंजतंय ते. शोभंल का तिथं?"

"मग यादीत नाव तरी घाल तिचं."

"अगं, रेकॉर्डला जे घावलं ते लिवलंय. अन् तुझी आई काय, माझे बाबा काय, घर एकच की आपलं."

घर एकच. मग माझ्या आईचं नाव लिहून त्याच्या बापाचं का गाळलं नाही, हे मी विचारायला हवं होतं. ते मला घरी आल्यावर सुचलं. पहार कोपऱ्यात उभी केली आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

कार्यक्रमाच्या दिवशी मांडव, माईक, उमरग्याहून आलेले पाहुणे. कोठीत तळाला यादी गेली. मग कमिटीचा फोटो, मग शाळेतल्या पोरांची पत्रं. माझ्या नातीचंही होतं. तिनं मला विचारून लिहिलं होतं की ही विहीर माझ्या पणजीनं खणली. त्यावर पाहुण्यांच्या गळ्यातले झेंडूचे हार टाकले, पाणी मारून ताजे ठेवलेले, ठिबकणारे. वर पेढ्यांचा पुडा. चुलतभाऊ माईकवर म्हणाला, "पुढच्या पिढीचं तोंड गोड व्हावं." पुन्हा टाळ्या.

मग त्यानं पुकारलं, "आता आपल्या माताभगिनी परंपरेप्रमाणे कोठीचं तोंड लिंपतील." फोटोवाला पुढं सरकला.

वस्तीत बियाण्याच्या कोठ्या लिंपायचं काम माझं आणि त्या शेजारच्या काकूचं. काकू आता ऐंशीच्या पुढं आहे. पांढरी माती, शेण आणि राख कालवून मी दोन दिवस आधी गारा मुरवला होता. बी ठेवायचं तर दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवतात, कडुलिंबाचा वाळका पाला घालतात, मगच तोंड बंद करतात. ओल आत राहिली की चार महिन्यांत जाळं धरतं. हे तर पन्नास वर्षांसाठी बंद करणार होते.

मी गाऱ्याचा गोळा उचलला आणि मनात म्हणाले, सडू दे. त्याची यादी, त्याचा फोटो, सगळं सडू दे. खरंच तसं म्हणाले. मग हारांखालून नातीच्या पत्राचा कोपरा दिसला. भिजून त्याची शाई फुटायला लागली होती.

"ह्यात ओल हाय," मी म्हणाले. आवाज माझाच, पण मला ओळखू आला नाही. "हार काढा. पेढे काढा."

तो हसत जवळ आला. "आक्का, पाहुणे हायेत. लिंप पटकन."

"यादी बी काढ. आईचं नाव लिही. विहिरीच्या ओळीत ह्या काकूचं लिही, तुझ्या आईचं लिही. मग लिंपते."

"आत्ता? हितं?"

"तुला काखेत घेऊन मी शाळा सोडली रे! हितंच सोडली."

कमिटीतल्या एकानं विचारलं, "बाजारातली चिकटपट्टी आणू का?" काकूनं हात झटकले. "आण बाबा. आन् त्यातच तुझ्या आज्याला बी चिकटव. तो विहिरीत उतरला होता म्हणं!" सतरंजीवरच्या बायका हसल्या, आणि हसून झाल्यावरही कुणी लिंपायला उठलं नाही.

हार मीच उपसून बाहेर टाकले. नातीचं पत्र पदरानं टिपून परत आत ठेवलं. बाकी कशाला हात लावला नाही. यादी त्यानंच काढायची आहे, त्यानंच लिहायची आहे.

याला आठ दिवस झाले. कोठी विहाराच्या ओट्यावर चादर टाकून ठेवली आहे. खड्डा तसाच. वेल्डिंगवाला आणीन, असं तो लोकांना सांगतो. माझ्या दारावरून जाताना मान खाली घालून जातो. मान खाली घालायची सवय माझी होती, ती त्याला लागली.

माझा राग गेलेला नाही. तो त्याच्यावर आहे तसा माझ्या पन्नास वर्षांच्या गप्प बसण्यावरही आहे. गारा दाराशी घमेल्यात आहे. वाळला तर भेगा पडतात, म्हणून रोज सकाळी त्यावर पाणी शिंपडून ओलं पोतं टाकते. त्यानं नाव लिहून आणलं की मी त्याच दिवशी तोंड लिंपून देईन. तोवर कोठी उघडीच राहील.