घासलेली बाटली

नाना गेल्याची तार आली तेव्हा मी धुळ्याला मावसबहिणीकडे, इंदूकडे होते; त्यानंच बळेबळे दोन दिवस धाडलं होतं. तार वाचली आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘बरं झालं’ असा. इंदू माझ्याकडे बघतच राहिली. पाठचा भाऊ गेला आणि ही बया म्हणते बरं झालं! पण मला म्हणायचं होतं ते निराळंच... बरं झालं, आठच दिवसांपूर्वी मी त्याला सगळं सांगून टाकलं. बावीस वर्षं ती गोष्ट माझ्या छातीवर धोंड्यासारखी बसली होती. रडू मागाहून आलं, जळगावच्या गाडीत बसल्यावर, आणि मग काही केल्या थांबेना.

जळगावकर नानाला ओळखत ते सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून. पाठीमागं ‘गटारसाहेब’ म्हणत. आमच्या आबांना मुलगा वकील व्हायला हवा होता. हा पुण्याला कॉलेजात गेला तो तिथूनच आरोग्य खात्याच्या वर्गात जाऊन बसला. गटाराला उतार किती हवा, डासांची अंडी कुठं शोधायची, विहिरीचं पाणी तपासायला कसं घ्यायचं, असलं काय काय शिकून, परीक्षा पास होऊन आला. आबा म्हणाले, “वकिली सोडून पोरगं घाण हुंगायला शिकलं!” त्याच्या वर्गातला एक रेल्वेत लागला, एक मुंबईच्या गिरणीत, आणखी एकजण जत्रांच्या बंदोबस्तावर हिंडायचा. नानालाही गिरणीचं बोलावणं होतं. पण त्यानं जळगाव धरलं. मी तिथं मुलींच्या शाळेत मास्तरीण होते, विधवा, एकटी. विचारलं तर म्हणे, “अक्का, तुझ्या हातच्या भरीत-भाकरीसाठी आलो.” खोटारडा मेला. माझ्यासाठीच आला होता.

त्याच्या नोकरीचं तिसरंच वर्ष. उन्हाळ्यात गावात पटकी शिरली. रोज कुणाच्या ना कुणाच्या घरून रडणं ऐकू यायचं. नानानं पुण्याच्या प्रयोगशाळेतून बाटल्या मागवल्या. काचेच्या बुचाच्या, आतले जंतू मारून, कागदात गुंडाळून दोऱ्यानं बांधलेल्या. चार विहिरींचं पाणी घेऊन, बर्फात घालून परत पाठवायचं होतं. त्यानं बाटल्या आमच्या घरातल्या फळीवर ठेवल्या आणि मला बजावलं, “अक्का, यांना हात लावायचा नाही.” आता फळीच्या खाली माझे देव! कुणाकुणाच्या हातांतून, रेल्वेच्या डब्यातून आलेल्या बाटल्या माझ्या देवांच्या डोक्यावर? माझं सोवळं त्या काळी फार कडक होतं. तो बाहेर गेल्याबरोबर मी एक काढली, राखेनं लख्ख घासली, रांजणातल्या पाण्यानं विसळली, पुसून कोरडी केली आणि पुन्हा कागदात बांधून ठेवली. दुसरीला हात घालणार तोच शाळेची घंटा झाली, म्हणून बाकीच्या वाचल्या.

पुण्याहून निकाल आला. तीन विहिरी चांगल्या, रंगाऱ्यांच्या गल्लीतली खराब. ऐकलं आणि मी मनाशी हिशोब मांडला. घासलेली एक, बिघडलेली एक! नुसत्या हातानं झाकण उघडलं तरी पाणी खोटं बोलतं, असं नानाच कधीतरी म्हणाला होता. भर वैशाखात त्यानं त्या विहिरीवर फळ्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी हमीदाबी दारात उभी. तिचा नवरा लुगडी रंगवायचा.

“नानाभाऊ, बठ्ठी गल्ली, लहानथोर सगळी, याच पानीवर जगस. पानी गोड शे. आन तुम्ही फळ्या ठोकतस?”

“हमीदाबी, थोडे दिवस कळ काढा. पलीकडच्या पेठेतून पाणी आणा, पण हे नको.”

मी चुलीपाशी बसून ऐकत होते. उठून सांगायचं होतं, अगं बाई, तुझी विहीर चांगली आहे, माझी राख वाईट. नाही उठले. नानाची नोकरी जाईल, असं मनाला समजावलं. खरं तर मला माझी लाज वाटत होती. पंधरा दिवसांनी हंडे आणताना हमीदाबी घसरली आणि तिचा हात मोडला. तो पुढं वाकडाच राहिला. त्या हाताकडे बघून मी कधी तिच्याशी धड बोलू शकले नाही.

बावीस वर्षं अशी गेली. यंदा नानाचं दुखणं विकोपाला गेलं, डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा मी त्याच्या उशाशी बसून सांगून टाकलं. “नाना, ती बाटली मी घासली होती रे.”

तो हसला. खोकला येईस्तोवर हसला.

“ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे?”

“दोऱ्याला तुझी देवाच्या हाराची गाठ होती, अक्का. प्रयोगशाळेतला शिपाई देवाचे हार ओवतो होय? ती बाटली मी बाजूला टाकली. पाचवी होती, फुटली तर असावी म्हणून, ती वापरली. विहीर खरंच खराब होती गं. शेजारच्या गटाराला भोक पडलं होतं, ते बुजवूनच उघडली. हमीदाबीला भोक दाखवलं होतं मी.”

एवढं हलकं मला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. आणि लगेच संताप आला. “मग बोलला का नाहीस, गाढवा?”

“बोललो असतो तर तू सोवळं सोडलं नसतंस, माझ्याशी बोलणं सोडलं असतंस.” जरा दम खाऊन म्हणाला, “पुढं दर वेळी आणखी एक बाटली जास्तीची मागवायचो. फळीवर सगळ्या बाटल्यांच्या पुढं ठेवायचो. वाटलं, अक्काला राहवलं नाही तर हीच घासू दे.”

मी पुन्हा कधी हात लावला नव्हता. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, “तरी मागवायचो.”

तेराव्यानंतर म्युनिसिपालिटीचा माणूस कचेरीचं सामान न्यायला आला. वह्या, मापाची टेप, फळीवरच्या बाटल्या, सगळं त्यानं खोक्यात भरलं. सगळ्यांच्या पुढं होती ती मात्र मी काढून घेतली.

“मावशी, सरकारी आहे ती,” तो म्हणाला.

“नाही रे बाबा,” मी म्हटलं, “ती माझी आहे. माझ्या भावानं माझ्यासाठी मागवलेली.”