बहिणीची चटई

छत्तीसगडातल्या चरोद्याच्या आमच्या रेल्वे क्वार्टरात मागच्या खोलीत एक चटई होती. पाळी आली की त्या चटईवर बसायचं, चौथ्या दिवशी न्हायचं, तोवर स्वयंपाकघरात पाय नाही. माझी लहान बहीण दर महिन्याले तिथं बसे. बसे कसली, लोळे! आई तिच्यासमोर ताट सरकवे, गरम पोळी, भाजी, वर गुळाचा खडा. अन् तिच्या वाटणीची भांडी कोणाच्या अंगावर? माझ्या.

मी अकरावीत होती. माझी पाळी महिनोन् महिने यायचीच नाही. बाबांची सकाळची ड्यूटी, म्हणून अंधारात उठून टिफिन मी करी. मग शाळा, मग कोचिंग. खाणं म्हणजे उभ्या उभ्या चहा-टोस्ट. बहीण चटईवर घोरे अन् मी पोळ्या लाटता लाटता जळे. खरंच सांगते, तिचं तोंड पाहू वाटायचं नाही मले.

आईले मात्र माझं भारी कौतुक. "हिची काही अडचण नाही बाई, देवाचं सारं हीच करते." नवरात्रातले सगळे उपास माझ्याच गळ्यात. अष्टमीले आरती हातात असतानाच मले घेरी आली.

डॉक्टरीणबाईनं रक्त तपासलं, गोळ्या लिहून दिल्या, मग आईले विचारलं, "लड़की सोती कब है? खाती क्या है?"

आई म्हणे, "घर में सब है।"

"घर में है, पेट में नहीं। इसी से महीना रुका है। इसको अच्छी बात मत समझिए।"

दुसऱ्या दिवसापासून टिफिन आईनं स्वतः केला. माझ्या ताटात लालभाजी, डाळ, अंडं. बहीण म्हणे, "हिचेच लाड कावून?" ऐकून जीव थंड झाला माझा.

अन् काही महिन्यांनी एका सकाळी आली माझी पाळी. मागच्या खोलीत गेली, तर चटईवर बहीण आधीच पसरलेली! मी कडेले टेकली. आई दारात आली, हात पिठाचे. "दोघीबी बसल्या तर चहा कोण ठेवीन? बाबा ड्यूटीवर निघून राहिले."

मी उठायले लागली, सवयच तशी. आईनं मले खांदा दाबून बसवलं. बहिणीले म्हणे, "तू ऊठ. तू लय झोपली. आता हिले झोपू दे."

"अन् विटाळ?" बहीण ओरडली.

"देवाले मी सांगीन. चहा ठेव."

ती पाय आपटत गेली. तिचंही पोट दुखत असेल, पण मले त्या दिवशी दया आली नाही. चटई अजून तिच्या अंगानं गरम होती. मी तोंडावर पांघरूण ओढलं, अन् तिनं आपटलेल्या भांड्यांचा आवाज ऐकत ऐकत झोपली.