उन्हामागे सरकणारी राणी

गॅलरीतलं ऊन पुढे सरकलं, तशी आमची म्हातारी कुत्री राणीही मागचे पाय ओढत त्याच्यामागे सरकली आणि पुन्हा उन्हातच सुखाने पसरली. शेजारच्या काकू दारातून हळहळल्या, “किती हाल करतोस रे तिचे? डॉक्टरांना सांगून इंजेक्शन देऊन टाक एकदाचं.”

डॉक्टर म्हणाले होते, चांगल्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त झाले की कळवा. मी हिशेबाला पक्का माणूस. पण सकाळी दुधाला तोंड न लावलेली राणी आत्ता ऊन शोधते, तर आजचा दिवस कुठल्या बाजूला धरायचा?

मी म्हटलं, “काकू, तिला हे ऊनही नकोसं झालं की मीच डॉक्टरांना बोलावीन आणि तिला मांडीवर घेऊन बसेन. तोवर, ती जगायला कंटाळली असं तिच्या वतीने कुणी सांगायचं नाही.”