भाऊजींची साक्ष

आमच्या साखरशेतच्या धाकट्या भाऊजींइतका स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देणारा माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात शोधून सापडायचा नाही. अंगात ताप असला तर म्हणायचे, उन्हातून आलोय. छप्पर गळायला लागलं तर म्हणायचे, बरंय वहिनी, हंडे आपोआप भरतात. जीप उलटून त्यांचा उजवा हात कोपरापासून गेला, तेव्हा मी रडत दवाखान्यात पोचले, तर खाटेवरून मलाच विचारतात, "चहा घेतला का?" अशा माणसाला नुकसानभरपाईच्या दाव्यात उभं करायचं म्हणजे काय, ते आमच्या वकीलबाईंना विचारा. पण दावा लावणं भागच होतं. जाऊबाई एकटी किती ओढणार?

विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, "अपघाताआधी किती कमवायचात?"

"काही नाही," भाऊजी म्हणाले.

ते खोटं नव्हतं हो. आमच्याकडे भाताची आवणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून माझं शेत लावायचं, उद्या मी तुमच्याकडे यायचं. त्यात मजुरी कोण कुणाला देतो?

"आता काम जमतं?"

"जमतं की. डाव्या हातानं लावतो."

वकीलबाईंनी डोळेच मिटले. भरपाई गेली, असं मीही धरून चालले. तेवढ्यात न्यायाधीशांनी मान वर केली. "यंदा कुणाकुणाच्या सावडीला गेलात?"

भाऊजी हळूच म्हणाले, "बोलावतात साहेब. मीच जात नाही. माझ्या अर्ध्या कामावर त्यांचा आख्खा दिवस कसा घेऊ?"

"आणि तुमचं शेत?"

"निम्मं तसंच राहिलं."

निकाल आमच्या बाजूनं लागला. वकीलबाई खुशीत होत्या. भाऊजींनी त्यांना विचारलं, "यात सावड धरली का?"

"ती कशी धरणार, काका? मजुराचा रोज धरलाय."

पुढच्या आवणीला त्या पैशांतून मोखाड्याकडचे मजूर आले. शेत पुरं लागलं. मजूर आपला रोज घेऊन निघून गेले, आणि अंधार पडायच्या आत भाऊजी आमच्या बांधावर येऊन उभे.

"वहिनी, तुमची आवणी कधी?"

"उद्या."

"माझं तर लागलंय. म्हणजे तुम्हाला उलट माझ्याकडे यायला नको. मग आता मी येऊ ना?"

"लवकर या," एवढंच माझ्या तोंडून निघालं.