भुस्कटातून निघालेला हरभरा

लातूरजवळच्या एका कृषी प्रक्षेत्रावर मी हरभऱ्याचं बियाणं देऊन आले. तिथल्या पावतीवर माझं एकटीचं नाव पडलं, कारण नावाचा रकाना एकच होता. ती नोंद अपुरी आहे, म्हणून हे लिहावं लागतंय. कुणाला नांदेड-लातूर उन्हाळ्यात करायचंच असेल, तर उपयोगी पडेल तेवढं रस्त्याचंही सांगते.

माझा धाकटा भाऊ शिवा मुखेडजवळच्या आमच्या गावी गावरान हरभरा पेरायचा. दाणा बारीक, तांबूस. यंदाच्या दुष्काळात त्याची पेरणी लांबली. उशिरा पेरलेल्या हरभऱ्याची फुलं नेमकी उन्हाच्या तडाख्यात सापडतात आणि गळून जातात. शेजाऱ्यांची गळली. शिवाच्या झाडांना घाटे धरले. फोनवर म्हणाला, "आक्का, तुझ्या पुस्तकातल्या हरभऱ्याला ऊन लागत आसंल. माझ्याला न्हाई लागत."

मी फार पूर्वी नांदेडला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले. पुढे त्याचा काही उपयोग केला नाही. पण हे ऐकून लातूरला कळवलं. उन्हात टिकणारे वाण तयार करणाऱ्या तिथल्या मंडळींनी लगेच सांगितलं, बी आणून द्या. मधेच शिवा गेला. रास नुकती घरात आली होती. दोन महिन्यांनी कळलं, की त्याची बायको महानंदा घराला कुलूप लावून मुलाकडे हैदराबादला चालली आहे. मी फोन केला, "शिवाचे ते हरभरे माझ्यासाठी ठेव, मी न्यायला येते." आणि पुण्याहून नांदेडच्या गाडीत बसले.

नांदेडला सकाळी उतरलात तर स्टँडसमोर पुरी-भाजी खाऊन घ्या. पुढे पोटभर मिळेलच असं नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मी कंधारवरून मुखेडची बस धरली. खिडकीची जागा मिळाली तर घेऊ नका, झळा लागतात. दोन्ही बाजूंना काळी, भेगाळलेली रानं आणि मधूनमधून टँकर. पाणी घरून न्या. मागायला लाज वाटावी अशी परिस्थिती आहे. मुखेडहून गावापर्यंत जीप मिळते, भरल्याशिवाय सुटत नाही.

महानंदाची बोचकी बांधून झाली होती. मी टेकते न टेकते तोच तिनं पितळी डबा पुढे ठेवला. "आक्का, तुमच्यासाठी ठेवलेत. एक दाना कुनाला दिला न्हाई."

झाकण काढलं. हळद-मीठ लावलेले, छान फुटलेले फुटाणे.

"हे भाजलेस तू?"

"मग? तुमी तर लेक घरची. कच्चे देऊ व्हय?"

आमच्या घरची रीत आहे ही. लेकीच्या पदरात कच्चं धान्य घालत नाहीत. भाजून, शिजवून, काहीतरी करून देतात. आई तसंच करायची. मी विसरले होते.

"अगं, मला पेरायला हवे होते."

"पेरायला? पुन्यात? ग्यालरीत?" ती हसली. मग मी लातूरचं सांगितलं, तशी उंबऱ्यावर खाली बसली. "राखेत ठेवलेलं समदं बी भाजलं की वो मी! मडकं झाडून भाजलं."

"विचारायचं तरी एकदा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"तुमी फोनवर काय बोलता? 'ठेव, येते.' झालं. कधी बसून बोललाव का?"

मी डब्याला झाकण लावलं.

मग तीच उठली. "हरभरा बडवला त्या दिशी ह्यांच्या हातात जोर नव्हता. मला वाटलं, उन्हानं आसंल. भुस्कटात घाटे राहून गेलेत बघा. उद्या शेजारचा शेळ्यांना न्हेनार हाय."

गोठ्यात भुस्कटाचा ढीग होता. आम्ही दोघी सूप घेऊन बसलो. हरभऱ्याचं भुस्कट आंबट असतं, हात चुरचुरतात, घाम आला की जास्तच. न फुटलेले घाटे वेचायचे, चोळायचे, किडका दाणा टाकायचा. महानंदा सारखी बोलत होती. शिवाचं, सुनेचं, हैदराबादच्या सातव्या मजल्याचं. मी ऐकत होते. ऊन उतरलं तेव्हा वाटी भरली.

"आज कितीक दिसांनी कुनीतरी माझ्यापाशी येवढं बसलं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जळकोट-उदगीरमार्गे लातूर. रस्ता बरा आहे. बसमध्ये मागच्या सीटवर दोघे बोलत होते.

"सगळीकडं बोर्ड लावायलेत. उदगीर जिल्हा झाला की बघा, कलेक्टर इथंच!"

"टँकर तरी लवकर यील का मग?"

"टँकर तोच यील. पाटी नवी ऱ्हाईल."

लातूरला सुशीला खाल्ला, चुरमुऱ्यांचा, चांगला तिखट. प्रक्षेत्र गावाबाहेर आहे, रिक्षा करावी लागते. तिथल्या मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या असतील, मला मुलगी असती तर. त्यांनी दाणे तळहातावर घेऊन नीट पाहिले. आधी हे बी वाढवणार, मग मुद्दाम उशिरा पेरून उन्हात धरणार. टिकलं तर जास्त उतारा देणाऱ्या वाणाशी संकर. कळी उमलायच्या आत चिमट्यानं पुंकेसर काढायचे, दुसऱ्याचा पराग लावायचा, ओळखीला दोरा बांधायचा.

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही मावशी, वर्षं. आणि झालंच तर वाणाला आधी नुसता क्रमांक मिळतो."

मग पावती. "नाव?" त्यांनी विचारलं. मी सवयीनं माझं सांगितलं. गाडीत बसल्यावर ध्यानात आलं.

आता पुण्यात आहे. महानंदा सातव्या मजल्यावर, मी तिसऱ्या. रविवारी फोन करते आणि खुर्चीवर बसून करते. ती विचारते, "उगवलं का?" मी सांगते, अजून वेळ आहे. नोंद अशी हवी होती:

दिलं: गावरान हरभरा, बारीक, तांबूस, एक वाटी. गाव मुखेड तालुक्यातलं. दुष्काळात उशिरा पेरून उन्हात घाटे धरलेला.
पेरणारा: शिवलिंग, माझा भाऊ.
भुस्कटातून राखणारी: महानंदा, त्याची बायको.
पोचवणारी: मी.
फुटाणे दिले नाहीत. ते माझ्यासाठी ठेवलेले होते.