बूट काढून गाडीत बसणारा

अक्कलकोट रोडवरच्या पेट्रोल गाड्यांच्या जुन्या कंपनीच्या शोरूममधला तो सेल्समन गाडीत बसण्याआधी बूट काढायचा. "गाडी गिऱ्हाइकाची हाय, आपली न्हाय," म्हणायचा. समोर नव्या कंपनीची इलेक्ट्रिक गाड्यांची शोरूम झाली, तेव्हा त्याचे दोन सोबती रस्ता ओलांडून तिकडे नोकरीला लागले. हा मात्र राहिला.

मी रोज मैंदर्गीच्या शाळेत जाऊन-येऊन करणारा मास्तर. इलेक्ट्रिक गाडीच घ्यायची, हे मनात पक्कं होतं. तरी तुलनेसाठी मी त्याच्याकडची गाडी तीनदा चालवून बघितली आणि दर वेळी सांगितलं, "घेणार तुमच्याकडूनच."

समोरच्या शोरूममधून नवी इलेक्ट्रिक गाडी घेतल्यावर मी तो रस्ता टाळू लागलो. पण एकदा अक्कलकोटच्या चार्जिंग स्टेशनवर तो समोरच आला. मी मान खाली घातली.

"गुरुजी, एक चक्कर मारू का?"

त्यानं बूट काढले. चक्कर मारून आला. उतरल्यावर म्हणाला, "लई गुणाची गाडी हाय. आमाला जड जाणार."

"माझं खोटं तुम्हाला कळलं नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी की! तुमी मायलेज एकदाबी विचारलं न्हाय."

"मग तीनदा गाडी का दिलीत?"

"घेणाऱ्यानं दोन्ही बघूनच घ्यावं की, गुरुजी."

आता मी त्याच्या शोरूमसमोरूनच जातो. तो काचेआडून लगेच हात करतो. माझा हात वर व्हायला अजून वेळ लागतो.